उलटलेला ताव

गेलेल्या माणसाला निरोप देताना आपल्या हातून काही उणे राहू नये, ही मनुष्याची इच्छा जितकी निर्मळ, तितकीच ती पुरी होणे अवघड. जिवंतपणी घडलेल्या चुका क्षमा मागून पुसता येतात. निरोपातली चूक क्षमा करणारा माणूसच समोर उरलेला नसतो. म्हणूनच शहाणे लोक अशा वेळी ते काम व्यवसायाने करणाऱ्यांच्या हाती सोपवतात आणि आपण स्वस्थपणे रडतात. लेम्युएल स्टोव्हॉलपाशी हे शहाणपण नव्हते असे नाही; पण त्याने शब्द दिलेला होता.

तो शब्द मोडून काढण्यासाठी त्याच्या दिवंगत पत्नीची थोरली बहीण ओडेसा त्याच्याच स्वयंपाकघरात उभी होती. टोलेडोतल्या त्या छोट्या घरात सकाळपासून शेजारणींची रीघ लागली होती. टेबलावर भाजलेले हॅम, मॅकरोनी-चीजची परातीएवढी भांडी आणि लोणीदार केक यांची दाटी झाली होती. ओडेसा प्रत्येक भांड्याच्या बुडाला कागदी पट्टी चिकटवून त्यावर मालकिणीचे नाव लिहीत होती, म्हणजे दुःख ओसरल्यावर भांडी आपापल्या घरी परत जावीत.

"ते काही नाही," पट्टी दातांनी तोडत ती म्हणाली. "माझ्या बहिणीची पुस्तिका अंत्यविधीवाले छापून देतील. रंगीत, गुळगुळीत, चारचौघांसारखी. तुझ्या शाळेतल्या त्या खेळण्यावर नाही."

"शाळा नाही हो, सिस्टर ओडेसा. कॉलेज आहे ते."

"साठी उलटलेला माणूस जिथे डबा घेऊन जातो ना, ती शाळाच."

लेम्युएलच्या कृष्णवर्णीय समाजात निरोपाची पुस्तिका ही सामान्य वस्तू नव्हे. मुखपृष्ठावर गेलेल्याचे छायाचित्र, आत त्याचे जीवनवृत्त, प्रार्थनेचा क्रम, मागे राहिलेल्यांची नावे. विधी संपला तरी ती कुणी टाकून देत नाही. बायबलाच्या पानांत, कपाटातल्या खोक्यांत ती वर्षानुवर्षे जपली जाते, आणि कधी काळी खोके उघडले की घरातले लोक पुस्तिकांवरूनच माणसांची प्रतवारी लावतात. अमक्याची पुस्तिका झेरॉक्सवर काढली होती, हे वाक्य तिसऱ्या पिढीपर्यंत पोचते.

"तिनं सांगितलं होतं मला," लेम्युएल शेवटी म्हणाला. "दवाखान्यात. म्हणाली, आयुष्यभर चर्चची पत्रकं मी टाइप केली, माझं तरी दुसऱ्या कुणी करावं. तू कर म्हणाली."

ओडेसाचा हात भांड्यावर थांबला. बहिणीचे नाव मध्ये आले की तिचा आवाज अधिक कठोर होई. रडण्यापेक्षा तिला ते सोपे जात असे.

"ठीक आहे. कर. पण ऐकून ठेव, लेम्युएल. एक डाग दिसला, एक ओळ वाकडी गेली, तर मी सगळ्यांदेखत ती पुस्तिका मिटीन, पर्समध्ये टाकीन आणि जन्मात तुझ्याशी बोलणार नाही."

"आत्ता तरी कुठे बोलताय? रागावताय नुसत्या."

"हे माझं बोलणंच आहे. रागावले की कळेल तुला."

लेम्युएल मुद्रणविद्येकडे वळला होता तो स्वतःच्या ओढीने नव्हे. काचकारखान्यातून निवृत्त झाल्यावर तो घरी बसू लागला, आणि बसल्या बसल्या बायकोच्या रांधण्यात सूचना करू लागला. अर्नेस्टीनने काही दिवस सोसले. मग एका सकाळी तिने त्याला गाडीत घातले, कम्युनिटी कॉलेजच्या कचेरीत नेले आणि अभ्यासक्रमांच्या फळ्यावर नजर फिरवून 'ग्राफिक कला आणि मुद्रण तंत्र' यावर बोट ठेवले. "हेच का गं?" असे त्याने विचारले तेव्हा ती म्हणाली, "मशीन मोठमोठ्यानं चालतात तिथे. तू बोललास तरी कुणाला ऐकू जायचं नाही."

आणि गंमत अशी की त्या गोंगाटात तो रमला. कागदालाही लाकडासारखे तंतू असतात, काळा रंग एकच नसतो, शाईला हवामान कळते, असली ज्ञानरत्ने तो रोज घरी आणी आणि अर्नेस्टीन ती भाजी चिरता चिरता ऐकून घेई. पुढे ती अंथरुणाला खिळली. तो उशाशी बसून सांगू लागला. पुस्तिकेचा शब्द तिने घेतला तो अशाच एका संध्याकाळी. "आणि जांभळ्या रंगात हं," असे वर बजावले. "फिका नको. फिका जांभळा म्हणजे आजारी माणूस."

मुद्रणशाळेचे शिक्षक मिस्टर नोवाक हे पोलिश वंशाचे, जाड मिशांचे, अल्पभाषी गृहस्थ होते. त्यांनी सारे ऐकून घेतले, लेम्युएलच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो हात शाईने माखलेला आहे हे लक्षात येताच घाईने काढून घेतला.

"चार पानं करू," ते म्हणाले. "एक घडी. सोपं काम. आत्तापर्यंत शिकलास तेवढ्यात बसेल."

चार पानांचे काम चार पानांत बसले असते. परंतु ओडेसाकडे दूरध्वनी होता.

"लेम्युएल, फोटो टोपीतला घे. ईस्टरची टोपी."

"ती फार रुंद आहे हो. मुखपृष्ठावर मावत नाही. कडेनं जरा कापली तर—"

"टोपी कापलीस तर तिचं डोकं कापल्यासारखंच आहे. पान मोठं कर."

पान मोठे झाले. मोठ्या पानावर जीवनवृत्त तोकडे दिसू लागले, म्हणून ओडेसाने बालपण वाढवले. बालपण वाढले तेव्हा तारुण्यावर अन्याय झाला, म्हणून तेही वाढले. मग तिला नातलग आठवले.

"मोबिल गावच्या चुलतभावांची नावं घातलीस ना? मग सेल्मा गावच्यांचीही घाल."

"सेल्माचे येणार आहेत का?"

"नाव नसेल तर नक्की येतील. भांडायला."

अशा रीतीने चारांची आठ पाने झाली. नोवाकांनी मिशीवरून बोट फिरवले. "आठ पानं एका तावावर येतात," ते म्हणाले, "पण मग दोन घड्या. हे आपण पुढच्या सत्रात शिकणार होतो." त्यांनी एक कोरा ताव घेतला, दोनदा दुमडला, पानांवर अनुक्रमांक घातले आणि ताव पुन्हा उलगडून टेबलावर पसरला. आकडे कुठल्या कुठे विखुरले होते. अर्धे सरळ, अर्धे डोक्यावर उभे.

"हे आमच्याकडच्या लग्नाच्या पंगतीसारखं झालं," लेम्युएल म्हणाला. "कोण कुणाशेजारी बसलंय आणि कोण कुणाकडे पाठ करून, काही कळत नाही."

"घडी घातली की सगळे आपापल्या जागी येतात," नोवाक म्हणाले. "फक्त तावाची दुसरी बाजू छापताना तो नीट उलटला पाहिजे."

शाई कालवण्याच्या कामी लेम्युएलची सहाध्यायिनी रोझालिंड मेहॅफी धावून आली. ही चाळिशीतली, मोठ्या तोंडाची, उदार मनाची बाई घरी मुरांबे करून विकत असे आणि आपल्या बरण्यांची लेबले आपणच छापावीत एवढ्याचसाठी कॉलेजात आली होती. काचेवर शाईचा गोळा सुरीने घोटत तिने विचारले, "लेम, हा घे, जांभूळ की वांगं?"

"फिका नको म्हणाली होती."

"मग वांग्याकडेच जाऊ या."

तावाची पहिली बाजू गुरुवारी छापली गेली आणि ती पाहायला जो तो आपले काम सोडून जवळ आला. मुखपृष्ठावर अर्नेस्टीन टोपीच्या छायेतून अशी बघत होती की जणू छापणाऱ्याचे नाव ती आत्ता विचारील. लेम्युएलने डोळे पुसले. त्याच्या गालावर वांग्याच्या रंगाचा पट्टा उमटला आणि रोझालिंडने तो केरोसीनच्या चिंधीने पुसताना त्याच्याहून अधिक अश्रू ढाळले.

शुक्रवारी शाई वाळली. दुसरी बाजू चढवायची तेवढ्यात नोवाकांना वरच्या कचेरीतून बोलावणे आले. जाता जाता ते दारात थांबले.

"लेम, लक्षात ठेव. ताव उलटताना कूस बदलल्यासारखा उलटायचा. डावीकडून उजवीकडे. कोलांटी मारायची नाही. आणि पहिला ताव निघाला की घडी घाल, बंद घडी सुरीनं फाड, आणि पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाच. सगळं वाच. मगच पुढचे सोड."

"हो सर."

छापलेल्या तावांचा गठ्ठा रुंद होता आणि जड होता. "रोझालिंड, तेवढी ती बाजू धर," लेम्युएल म्हणाला. तिने ती बाजू धरली, त्याने ही. आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी एक रुंद, जड वस्तू धरली की पुढे काय करायचे, हे लेम्युएलच्या हातांना पक्के ठाऊक होते. दर वसंतात पलंगावरची गादी उलटण्याचा अर्नेस्टीनचा नेम होता. ती त्या बाजूला, हा या बाजूला, आणि ती म्हणे, "डोकं पायाकडे, लेम. उचल." त्याने उचलले. गठ्ठा हवेत सुरेख वळला आणि डोक्याचा भाग पायाकडे जाऊन पडला. लेम्युएलला बरे वाटले. कित्येक दिवसांत त्याच्या हातून एवढी सहज गोष्ट घडली नव्हती.

कोलांटी झाली होती. रोझालिंडला ते कळण्याचे कारण नव्हते. बरणीच्या लेबलाला दुसरी बाजू नसते.

यंत्र घरघरले. पहिला ताव बाहेर आला. लेम्युएलने तो उचलून दोनदा दुमडला. वर मुखपृष्ठ, टोपी शाबूत. मागे मलपृष्ठ, शवपेटी वाहणाऱ्यांची नावे सरळ. मध्ये उघडले तर प्रार्थनेचा क्रम आणि छायाचित्रे, जिथे असायची तिथे. उरली ती बंद घडीतली पाने. ती पाहायची तर सुरी चालवायला हवी होती. त्याने सुरी उचलली.

त्या बंद घडीत कुठेतरी एक वाक्य होते. ते त्याने लिहिले नव्हते. ओडेसाने लिहून पाठवले होते, आणि पानावर जुळवताना त्याने ते अर्धवट मिटल्या डोळ्यांनी जागी बसवले होते. अर्नेस्टीन गेली, अमुक दवाखान्यात, अमुक सकाळी, एवढेच ते वाक्य. त्या सकाळी तो तिथेच होता. तरीही, किंवा म्हणूनच, ते छापील अक्षरांत वाचण्याचे धैर्य त्याच्यात नव्हते. जे छापले जाते ते खरे होते, अशी त्याची मुद्रणविद्येवर नवी नवी श्रद्धा होती. त्याने सुरी खाली ठेवली.

"वाचलंस?" रोझालिंडने यंत्राच्या आवाजातून ओरडून विचारले.

"वाचलं."

तासाभराने नोवाक परतले तेव्हा ताव घडीच्या यंत्रातून सरसर बाहेर पडत होते. "वाचलंस ना रे?" त्यांनी विचारले.

"हो सर."

नोवाकांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. आपण स्वतः एक प्रत फाडून वाचावी, हा शिक्षकाचा धर्म त्यांना आठवला असावा. पण एका विधुराच्या शब्दावर त्याच्यासमोरच सुरी चालवणे त्यांना क्रूर वाटले. दयाळूपणाचेही काही दुष्परिणाम असतात. त्यांनी पिना मारल्या, कडा छाटल्या, आणि पुस्तिका खोक्यांत भरून त्या स्वतः गाडीपर्यंत उचलून नेल्या.

शनिवारी सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर ओडेसा पांढरा गणवेश आणि पांढरे हातमोजे घालून उभी होती. आलेल्यांना दारात घेऊन जागेवर बसवणाऱ्या स्वयंसेविकांची ती प्रमुख होती, आणि बहिणीच्या विधीलाही तिने तो मान दुसरीला दिला नव्हता. तिने पुस्तिका हातात घेतली. मुखपृष्ठावरून बोट फिरवून मोजा पाहिला. जांभळे लागले नव्हते. टोपीची रुंदी तपासली. मलपृष्ठ वाचले.

"बरी आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द निघणे म्हणजे बँड वाजण्यासारखे होते.

"आत बघा ना."

"आतलं आत बघीन. आत्ता उघडलं तर रडू येईल, आणि मला दाराशी ताठ उभं राहायचंय."

प्रार्थना झाली, गायनवृंदाचे एक गीत झाले, हातातले कागदी पंखे हलू लागले. मग क्रमात जी गोष्ट असते ती आली: जीवनवृत्त, मौन वाचन, मंद संगीत. ऑर्गनवर हळुवार सूर सुरू झाले आणि भरलेल्या चर्चने एकाच वेळी माना खाली घातल्या. लेम्युएल पहिल्या बाकावर होता. आता सुटका नव्हती. त्यानेही मुखपृष्ठ उलटले.

पहिलीच ओळ अशी होती: 'लेम्युएलबरोबर नव्या घरी राहायला आली.'

कोण आली? कुठून? त्याला वाटले, डोळे गेले. तो पुढे वाचू लागला. गायनवृंदातली वर्षे, शाळेच्या मुदपाकखान्यातली नोकरी, चर्चची पत्रके, आजार. आणि समोरच्याच पानावर, अजून मन तयारही झाले नसताना, ते वाक्य. दवाखाना, सकाळ, ती गेली. त्याखाली मोबिल, त्याखाली सेल्मा. त्याने ते वाचले, वाचून झाले. मग मधल्या पानांवर प्रार्थनेचा आणि दफनाचा क्रम. आणि त्याच्या पुढच्या पानावर: 'अर्नेस्टीन मे हिचा जन्म अलाबामात, कापसाच्या शेताकडेच्या घरात झाला. जन्मताच ती अशी रडली की दाईने कानांवर हात ठेवले.'

कोलांटी! लेम्युएलला शुक्रवारी गादीसारखा उलटलेला गठ्ठा आठवला. त्याने पत्नीला आधी मारले होते, मग पुरले होते आणि त्यानंतर जन्माला घातले होते. आणि हे त्याने शेकडो प्रतींत केले होते. उठावे, बाकाबाकावरून जाऊन साऱ्या पुस्तिका हिसकाव्यात, असे त्याला वाटले. पण विधुराने असे केलेले चर्चच्या इतिहासात नसावे. मागे पाने सळसळू लागली. पुढे, मागे, परत पुढे. कबुतरांचा थवा उठावा तसा आवाज. लोक वाट शोधत होते.

दुसऱ्या बाकावर मदर डॅबनी बसल्या होत्या. चर्चमधल्या सर्वांत वृद्ध बाई; भिंगाने वाचत आणि ऐकू येत नसल्याने स्वतःशी बोलतानाही साऱ्यांना ऐकू जाई. मंद संगीताच्या त्या पवित्र शांततेत त्यांचा आवाज घुमला:

"अगं बाई! ही परत जन्मली की!"

मग गायनवृंदातून कुणीतरी फिसकले. हसू आवरण्यासाठी एकाने खोकल्याचे सोंग केले, तेवढ्याने चार जण खरेखुरे हसू लागले, आणि ते हसू बाकांवरून हळूहळू मागे सरकत गेले. लेम्युएलने मान वळवून दाराकडे पाहिले. ओडेसाचे खांदे हलत होते. ती आता पुस्तिका मिटणार, पर्स उघडणार. त्या पर्सच्या चापाचा आवाज ऐकण्यासाठी त्याने डोळे मिटून घेतले.

आवाज आला नाही. त्याने डोळे उघडले. ओडेसा पांढऱ्या मोज्याने डोळा पुसत वाचत होती, आणि तिचे ओठ हलत होते. मग उरले होते ते वाचण्यावाचून त्यालाही काही उरले नाही. अर्नेस्टीनने शेजाऱ्याच्या झाडावरचे पीच चोरले. पकडली गेली तेव्हा थोरल्या बहिणीचे नाव सांगितले. आईचा हात धरून गाडीने उत्तरेला आली, पहिल्या बर्फात घसरली, टंकलेखन शिकली, नाचात कुणाच्यातरी पायावर पाय दिला आणि तो कुणीतरी लेम्युएल निघाला. आजार मागे पडला होता. दवाखाना मागे पडला होता. पानागणिक ती तरुण होत चालली होती, आणि शेवटच्या ओळीवर तिचे लग्न लागले: 'पायऱ्या उतरताना तिचा एक बूट निसटला. ती हसत हसत एका पायावर उड्या मारत गाडीपर्यंत गेली, आणि'

त्यापुढे काही नव्हते. ओडेसाने वाढवलेल्या मजकुराने ते वाक्य इथे तुटले होते आणि त्याचा उरलेला तुकडा पुस्तिकेच्या आरंभी जाऊन बसला होता. 'आणि' या शब्दाखाली कोरी समास-पट्टी होती. लेम्युएल त्या पांढऱ्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिला. ऑर्गन वाजवणारी बाईदेखील वाचनात गुंतली असावी. सूर थांबायचे तिथे थांबले नाहीत.

रेव्हरंड पिकन्स यांनी प्रवचनात त्या पुस्तिकेचा उल्लेख इतक्या गांभीर्याने केला, मृत्यू आधी उरकून जीवन शेवटी ठेवणाऱ्या श्रद्धेविषयी ते इतके तन्मय होऊन बोलले, की आता खरे सांगणे म्हणजे प्रवचन खोटे पाडणे झाले असते. तरीही दफनानंतर चर्चच्या तळघरात सारे जेवायला बसले तेव्हा लेम्युएलने सांगायचे ठरवले. ओडेसा समोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात दोन ताटे होती.

"कल्पना कुणाची?"

"सिस्टर ओडेसा, ऐका. ती कल्पना नव्हतीच. झालं असं, की गठ्ठा—"

"तिचीच असणार. पीच हिनं खाल्ले आणि मार मी खाल्ला, ते सगळ्यात शेवटी वाचायला लावलंन मला. दाराशी उभी करून!"

"अहो, ताव उलटताना डोकं पायाकडे—"

"गप. खा." तिने त्याच्या ताटात पालेभाजी वाढली, त्यावर कोंबडीची तंगडी ठेवली, आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. बहीण गेल्यापासून ती कुठे बसलेली कुणी पाहिली नव्हती.

लोक येऊन हात हातात घेत होते. चर्चचे काम पाहणारा एक डीकन आपल्या आईच्या स्मृतिदिनाच्या पत्रकाविषयी विचारून गेला. मदर डॅबनी काठी टेकत आल्या आणि सगळ्या तळघराला ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजल्या, "माझी पण अशीच कर हो, बाळा. आणि जरा लवकर. मला फार वेळ नाहीये."

लेम्युएल हसला. हसताच त्याने सवयीने डावीकडे मान वळवली, कारण मदर डॅबनींची ही नक्कल कुणाला आधी करून दाखवायची हे ठरलेले होते. अर्नेस्टीन खळखळून हसली असती, पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावली असती. डावीकडे भिंत होती. त्याने ताटात पाहिले आणि भाजीचे पान काट्याने उगाच इकडून तिकडे सरकवले.

भिंतीकडेने मिस्टर नोवाक आले. कोट घट्ट होत होता. हातात पुस्तिका होती आणि तिच्या छाटलेल्या काठावर त्यांचा अंगठा.

"कोलांटी," ते हळूच म्हणाले.

"हो सर."

"वाचलं नव्हतंस."

"नाही सर."

"मीही नाही वाचलं." नोवाकांनी मिशीवरून बोट फिरवले. "आता वाचलंस?"

"शेवटपर्यंत."

नोवाकांनी मान हलवली. "परीक्षेत असं केलंस तर नापास करीन."

"करा सर. पण मदर डॅबनींनी त्यांची सांगितलीये. अशीच हवी म्हणतात."

नोवाक विचारात पडले. मुद्रणकलेच्या त्यांच्या दीर्घ सेवेत असा प्रश्न त्यांना कुणी घातला नव्हता. "मग सोमवारी ये," ते म्हणाले. "चूक मुद्दाम करायची तर ती नीट शिकावी लागेल. अपघातानं जमलं म्हणजे येतं असं नाही."

"चूक कसली?" ओडेसाने खुर्चीतून मान वर केली.

"छापखान्यातलं बोलणं आहे, ताई," नोवाक गडबडीने म्हणाले.

"बरं. मग माझंही टिपून घ्या. जांभळा नको, मला निळा. आणि लेम्युएल, माझी पुस्तिका लग्नापाशी संपवू नकोस. त्या माणसापाशी नाही मला थांबायचं. त्याच्या आधी थांबव."

नोवाकांनी खिशातून पेन्सिल काढली, टेबलावरचा कागदी रुमाल दोनदा दुमडला, आकडे घातले, उलगडला आणि गंभीरपणे पाहिला.

"जमेल," ते म्हणाले. "पण पानं वाढवावी लागतील."

"वाढवा," ओडेसा म्हणाली. "सेल्माचे नातलग आहेतच."

अर्नेस्टीन जिथे असेल तिथे तिला हलके वाटो, आणि तिचा निसटलेला बूट कुणी उचलून दिलेला असो. ओडेसाला रडायला आता ताठ उभे राहावे न लागो. आणि एखादे पान वाचवत नाही म्हणून ज्याने ज्याने सुरी खाली ठेवली असेल, त्याला ते पान वाचायची वेळ येईल तेव्हा भोवती माणसे असोत, आणि मागे कुठेतरी कुणी मंद सूर धरून थांबलेले असो.